पहिला नंबर आलेला सिग्नल

मी चौकातला सिग्नल बोलतोय. हो, तोच, ज्याला तुम्ही रोज काच खाली करून शिव्या घालता. घाला खुशाल, सवय आहे मला. पण हल्ली माझं कौतुक चाललंय, आणि ते काही मला सहन होत नाही.

मला इथे उभं केलं तेव्हा एक हवालदार आठवडाभर खाली उन्हात उभा होता. कोण कसं चालतं, कोणाला किती वेळ लागतो, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि पायी जाणाऱ्यांना बावीस सेकंद दिले. पलीकडच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे काका तेव्हापासून माझे दोस्त. गुडघा अधू, हातात काठी. रोज सकाळी रस्ता ओलांडला की खिशातलं घड्याळ काढून बघायचे. "वीस! दोन शिल्लक राहिले बघ!" असं मला सांगून मग दुकानाचं कुलूप काढायचे.

पुढे माझी परीक्षा घ्यायचं ठरलं. आता उन्हात कोण उभं राहणार? गाड्यांमधल्या जीपीएसवरून म्हणे सगळं कळतं. कोणती गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं. इंजिनिअर बाई आल्या, माझ्या पायाशी असलेली पेटी उघडली, लॅपटॉप लावला. पडद्यावर नुसते ठिपके. गाड्या माझ्यापाशी फार खोळंबतात, असं निघालं. अख्ख्या शहरात मी शेवटून दुसरा! झालं, बावीसचे बारा केले.

"बाई, बारा सेकंदांत मी मधल्या पट्ट्यापर्यंतच पोचतो," काका म्हणाले.

बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी काकांना पडदा दाखवला. "बघा ना काका, आता चौकात कुठेच अडचण दिसत नाही."

"यात मी कुठे आहे?"

"हे फक्त गाड्यांचं आहे, काका."

"म्हणजे मी चौकात नाहीच की!" काका हसले. मला मात्र संताप आला.

पुढच्याच आठवड्यात काका रस्त्याच्या मधोमध असताना माझा चालणारा हिरवा माणूस विझला. विझला कसला, मीच विझवला. गाड्यांना हिरवा दिवाही मीच दिला. एका टेम्पोचा धक्का बसला. काठी एकीकडे, काका एकीकडे. खुब्याचं हाड मोडलं. पंचवीस मिनिटं चौक तुंबला होता. मला वाटलं, चला, आता तरी यांचे डोळे उघडतील. एवढी गाड्यांची रांग, ती तर ठिपक्यांत दिसणारच!

दिसली ना. महिनाअखेरीला बाई पेटीपाशी उभ्या राहून फोनवर सांगत होत्या, "त्या दिवसाची पंचवीस मिनिटं काढून टाकलीत. रोजचं नव्हतं ते, उगाच सरासरी बिघडत होती." आणि माझा पहिला नंबर आला. तशी पाटीही ठोकली माझ्या खांबावर.

काका अजून अंथरुणातच आहेत. काल त्यांची लेक दुकान रिकामं करून गेली. घड्याळांचं खोकं छातीशी धरून कडेला उभी होती. हिरवा माणूस लागला तशी जी धावत सुटली, ती बारा सेकंदांत पार. पलीकडे पोचल्यावर तिने वर बघितलं.

"आता खूश?" एवढंच म्हणाली.

तुम्ही माझ्यापाशी याल तेव्हा बहुतेक हिरवाच असेन. पण गाडी दामटण्याआधी एकदा समोर बघा. मधल्या पट्ट्यावर कोणी काठी टेकत असेल, तर तुम्हीच थांबा. माझ्याकडचे दहा सेकंद काढून घेतलेत हो.