केळीच्या सालीने उजळलेला झेंड्याचा पट्टा

“सर, सगळ्यांत जास्त गुण मिळाले, पण काळे बूट नसले, तर झेंडा कोण धरतो?”

हा प्रश्न यंदा पहिली आलेल्या दालिलाने मैत्रिणीच्या पैजेपायी विचारला. सभागृहातल्या कपाटात पडल्या पडल्या मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. इक्वादोरच्या केळीबागांतल्या या शाळेत झेंड्याच्या शपथेच्या दिवशी मला शेवटच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या खांद्यावर तिरका घालतात. माझ्या खोबणीत झेंड्याची काठी बसते. मला एका खोगीरवाल्याने शिवलं. त्याचे टाके अजून पक्के आहेत. शाळेच्या शब्दाचं तसं काही सांगता येत नाही. उरलेलं वर्ष मी काचेआड. पाहुणे आले की “वा, काय परंपरा!” आणि गेले की अंगावर बुरशी.

खांदे खूप पाहिले मी; हुशार त्यांतले थोडेच. नियम गुणांचा, पण सोबत सोनेरी गोंड्यांचा कोट, पांढरे हातमोजे आणि काळे बूट हवेतच! कोट-मोजे शाळा देते, बूट ज्याचे त्याने आणायचे. मजुरांच्या मुलांनी ते आणायचे कुठून? दोन वर्षांपूर्वी दालिलाचा भाऊ एदिसोन पहिला आला. बूट नाहीत म्हणून मी गेलो दुकानदाराच्या गुबगुबीत मुलाकडे. त्याने झेंडा झाडूसारखा धरला, आणि त्यालाच टाळ्या. एदिसोनने शेवटचं वर्ष अर्धवट टाकून दप्तर खिळ्याला अडकवलं. आता तो केळी धुतो.

आणि आज शहरातून बोलावलेला कोटवाला पाहुणा मंचावरून सांगत होता, “पोरांनो, तुमच्यात शिकायची भूकच नाही!” भूक म्हणे! ताट ओढून घ्यायचं आणि वर हे ऐकवायचं.

मागून मैत्रीण होमायराने दालिलाला ढोसलं. “विचार ना, घाबरट! विचारलंस तर माझा डबा तुझा.”

तिने विचारलं. मुख्याध्यापक उबियांचा चेहरा पिकल्या पपईसारखा झाला. “अगं, गुणच महत्त्वाचे, अर्थात!” पाहुण्यासमोर दुसरं काय बोलणार बिचारे? रिवाजाप्रमाणे त्यांनी मला उजळायला तिच्या हाती दिलं आणि ते हळूच पुटपुटले, “उद्या बूट घालूनच ये हं. नाहीतर दुसरा आहेच.”

संध्याकाळी घरी दालिलाचे बाबा मुकादमाच्या मुलीचे बूट मागून घेऊन आले. दोन नंबर मोठे.

“पुढे कापूस भर,” बाबा म्हणाले.

“आणि चालताना तोंडावर आपटली म्हणजे?” आई म्हणाली.

“कशाला मरमर करता?” एदिसोन कोपऱ्यातून बोलला. “शेवटी देणार तसल्याच एखाद्या गुबगुबीताला.” पण बोलता बोलता त्याने केळं सोललं, मला मांडीवर घेतलं आणि सालीच्या आतल्या बाजूने चोळू लागला. सबंध बाग बूट असेच चमकवते. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

मित्रांनो, मला काचेत जपू नका. चामडं पुन्हा उजळतं. ज्याचं मन एकदा शाळेच्या दारातून परत फिरवलं, ते कुठल्या सालीने उजळायचं?

दालिलाने मला गळ्यात घातलं आणि ती आईबाबांसमोर उभी राहिली.

“आई, बाबा, ते बूट परत द्या. मी उद्या बागेतलेच रबरी बूट घालणार, स्वच्छ धुऊन. झेंडा दिला तर धरीन. नाही दिला तर पट्टा सरांच्या टेबलावर ठेवीन आणि वर्गात जाऊन बसेन. दप्तर काही मी खिळ्याला अडकवणार नाही.”