उमराळे आलं

चार्ल्सच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या कडेवर घासत होता. खाली, वर, पुन्हा खाली. कापडाचा पोत तपासावा तसा. बाकीची बोटं स्टिअरिंगवर नीट होती. सिग्नल लाल होता, एसीचा झोत त्याच्या मनगटावरचे केस हलवत होता, आणि अंगठ्याला घासायला तिथे काहीच नव्हतं.

जुलियाने आधी अंगठा पाहिला, मग चेहरा. डोळे उघडे होते. ओठ किंचित हलत होते, जिभेवर कशाची तरी चव राहिल्यासारखे.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या लँड क्रूझरने लाइट मारले, मग हॉर्न.

"डॅड, इट्स ग्रीन," तान्या मागून म्हणाली. तिने फोनमधून डोकं वर काढलं नाही.

जुलियाचा डावा हात हँडब्रेकवर होता. हल्ली गाडीत बसल्यापासून तो तिथेच असायचा. "चार्ल्स," ती म्हणाली.

अंगठा थांबला. चार्ल्सने मोठा श्वास घेतला, आरशात पाहिलं आणि गाडी पुढे काढली. "यल्ला, यल्ला. यांना कसली एवढी घाई असते?"

"पुढे थांबव. मी चालवते."

"का? म्हातारा झालो?"

"आता काय झालं ते आठवतंय?"

"सिग्नल लागला, सिग्नल सुटला. जुलिया, मी तुझा पेशंट नाही. माझ्याकडे असं बघत जाऊ नकोस."

 हॉस्पिटलात जुलियाचं काम मेंदूच्या लहरी टिपायचं. डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या, समोर कॅमेरा सुरू करायचा आणि पडद्यावर धावणाऱ्या रेघा बघत बसायचं. असा अंगठा तिने तिथे पाहिला होता, असे ओठही. अपस्माराच्या अशा झटक्यात माणूस पडत नाही, थरथरत नाही. डोळे उघडे ठेवून बसलेला असतो, कधी हातातलं कामसुद्धा चालू ठेवतो. फक्त तो तिथे नसतो. नंतर विचारलं तर म्हणतो, कुठे काय झालं? तो खोटं बोलत नसतो.

सीझनच्या सुरुवातीला, फुटबॉलच्या सरावात, चार्ल्स मागे पाऊल टाकताना घसरला होता आणि डोक्याचा मागचा भाग टर्फवर आपटला होता. थोडा वेळ तो पडून राहिला. मग उठून बसला, विम्टोचा अख्खा कॅन प्यायला आणि म्हणाला, खलास, ठीक आहे. त्यानंतर कधीतरी अंगठा सुरू झाला. ती दोनदा बोलली होती. एकदा त्याने हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "सीझन संपू दे, मग लाव तुझ्या तारा." आणि ती थांबली. घरी ती स्वतःला अजून सांगू शकत होती की हा नुसता थकवा असेल. पडद्यावर रेघ एकदा टोकदार झाली की तेही सांगता येणार नव्हतं.

दोह्याजवळच्या अल रय्यानमधल्या शाळेचं टर्फ दिव्यांनी उजळलं होतं. शुक्रवारच्या, म्हणजे इथल्या सुट्टीच्या, मिसाहून आलेली मंडळी अजून चर्चच्या कपड्यांतच कडेला चटया टाकून बसली होती. आज सेमीफायनल होती, समोर लेबनीज मुलांची टीम.

हा अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार. कुणी कुणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या, त्यातली एक ओढली की तो अडला. लांबट चेंडू सगळ्यांत आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. चार्ल्स हे एका अमेरिकन कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला असताना साहेब लोकांकडून शिकला. पुढे त्याने वसईची मुलं जमवून टीम काढली, वसईच्या जुन्या नावावरून 'बासीन बॉइज'. खांदा गेला तेव्हा त्याने खेळ सोडला आणि टीममधल्या जोशुआला तयार केलं. यंदा जोशुआचा हात फ्रॅक्चर झाला. टीममधला रॉयस्टन घरी येऊन सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "अंकल, फक्त दोन मॅच." त्या दोन मॅचच्या सहा झाल्या. जोशुआचा हात कधीच बरा झाला होता, पण आता त्याला पळायला ठेवलं होतं. चेंडू फेकायला चार्ल्सच हवा होता. त्रेचाळिसाव्या वर्षी तो असा फेकत होता की लोक व्हिडिओ काढून गावी पाठवत होते.

"काय अंकल," बूट बांधता बांधता रॉयस्टनने आवाज दिला, "गुडघ्याला बाम लावलाय ना?"

"लावलाय. तुझ्या सासूने दिला. म्हणाली, जावयाला चेंडू पकडता येत नाही, तुम्हीच बघा."

पोरं खिदळली. मग सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हटली. जुलिया चार्ल्सच्या हाताकडे बघत होती. हात रॉयस्टनच्या खांद्यावर स्वस्थ होता.

बासीन बॉइजची एक पद्धत होती. दोह्यात इंग्रजी, हिंदी, अरबी सगळ्यांनाच कळतं, म्हणून चार्ल्सने प्रत्येक डावाला वसईच्या गावाचं नाव दिलं होतं. पापडी म्हणजे जवळ. निर्मळ म्हणजे उजवीकडे वळून. अर्नाळा म्हणजे समुद्रापर्यंत, पार शेवटच्या रेषेपलीकडे. समोरचे कितीही कान देऊन ऐकोत, त्यांना काही उमगत नसे. एकच गाव त्याने बाजूला ठेवलं होतं. उमराळे त्याच्या आईचं माहेर. लहानपणी ती त्याला एसटीने तिकडे घेऊन जायची. ती गेल्यावर कुणीतरी तेही नाव सुचवलं, तेव्हा चार्ल्स म्हणाला होता, "आईचं गाव असं मैदानात ओरडायचं नाही."

मॅच बरोबरीत चालली होती. चार्ल्स "निर्मळ!" ओरडला की चेंडू निर्मळलाच जायचा. जुलियाच्या शेजारी रॉयस्टनची बायको कॅरिना भेळ कालवत होती. "तुझा नवरा वाइनसारखा आहे गं," ती म्हणाली. "जेवढा जुना तेवढा चढतो." जुलिया हसली. नजर काढली नाही.

शेवटच्या डावाला मुलं कडेजवळच गोल करून उभी राहिली, जुलियापासून हाकेच्या अंतरावर. चार्ल्स मध्ये वाकला होता. त्याने तोंड उघडलं, आणि तिला अंगठा दिसला.

"उमराळे," चार्ल्स म्हणाला. आवाज ओरडण्याचा नव्हता. लहान मुलाचा होता, खिडकीबाहेर बघणाऱ्या. "उमराळे आलं. उतरायचं ना?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "हा कुठला?" जोशुआ म्हणाला. तेवढ्यात रेफरीने शिटी वाजवली आणि जो तो आपापल्या जागी पळाला.

चेंडू मागे आला. चार्ल्सच्या हातांनी तो पकडला. हातांना ते येत होतं. पण तो उभाच राहिला, मान डावीकडे, जिथे त्यांचं कुणीच नव्हतं. जुलिया उठली. पायाखाली भेळेचं भांडं कलंडलं. समोरून एक आडदांड मुलगा त्याच्याकडे धावत होता. पट्टी ओढायलाच धावत होता, पण न पाहणाऱ्या माणसावर असा वेगात आदळला तर? डोकं पुन्हा त्याच टर्फवर?  बाकीचे लेबनीज चार्ल्सच्या नजरेमागे डावीकडे पळाले. उजवीकडे जोशुआ एकटाच हात हलवत होता.

मग चार्ल्सच्या चेहऱ्यात कुणीतरी परत आलं. त्याने मान वळवली, जोशुआचा हात दिसला, चेंडू फेकला.

जोशुआने रेषेपलीकडे चेंडू छातीशी धरला आणि आडवा पडला. कडेची सगळी माणसं आत घुसली.

"नजरेने फसवलं! बघितलंत? नजरेने!" रॉयस्टन किंचाळत होता. "डावीकडे बघतोय काय, फेकतोय काय!"

सगळे चार्ल्सच्या अंगावर पडले. त्या गर्दीतून त्याने मान वर काढली आणि स्कोअरबोर्ड शोधला. आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग तोही हसू लागला, बाकीचे हसत होते म्हणून. जुलियाने ते हसू ओळखलं. तारा काढताना रुग्ण तिच्याकडे बघून असंच हसायचे.

तान्या फोन हातात घेऊन शेजारी उभी होती. प्रत्येक मॅच ती टिपायची. "मम्मी," ती हळूच म्हणाली, "डॅड लुक्स वीअर्ड. हू वॉज ही टॉकिंग टू?"

तिने डॅडचा चेहरा जवळ आणून टिपला होता. जुलियाने पाहिलं. डोळे, ओठ, अंगठा, सगळं होतं. आवाजही होता.

हॉस्पिटलात नियम होता: रुग्णाला त्याचा व्हिडिओ आपण दाखवायचा नाही, ते डॉक्टर ठरवतील. तिने तो नियम कधी मोडला नव्हता. फोन घेऊन ती टर्फवर गेली. 

"चार्ल्स, हे बघ."

"अगं, घरी बघू."

"आत्ता."

तिचा आवाज ऐकून त्याने फोन घेतला. गळ्यात कुणाचा तरी टॉवेल, कपाळावर घाम. त्याने पाहिलं. हसू चेहऱ्यावर राहिलं, मग तिथे राहायला त्याला जागा उरली नाही. त्याने बोटाने व्हिडिओ मागे ओढून पुन्हा लावला. छोट्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला: उमराळे आलं. उतरायचं ना?

"हे मी म्हटलं?"

"हो."

"आईचं गाव?"

"हो."

"आणि चेंडू..." तो थांबला. "जोशुआकडे मीच टाकला?"

"शेवटी तू परत आलास. तेव्हा टाकलास."

त्याने मागे वळून मैदानाकडे पाहिलं, आपण आत्ता कुठून आलो ते शोधत असल्यासारखं. तिला त्याचा हात धरायचा होता, पण धरला तर त्यातला अंगठा हलेल, अशी भीती वाटली.

"गाडी मी चालवतो," तो अगदी हळू म्हणाला, "मागे तान्या बसते."



रॉयस्टन धावत आला, धापा टाकत, जर्सी खांद्यावर टाकून. "अंकल! फायनलला पहिला डाव हाच. उमराळे! आम्हाला तरी आधी सांगायचं ना. वहिनी, तुम्हाला माहीत होतं? घरी प्रॅक्टिस करतो काय हा?"

चार्ल्सने खिशात हात घातला. गाडीची किल्ली काढली आणि जुलियाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं किल्लीवर मिटली. एवढा खेळूनही त्याचा हात गार होता.

"रॉय," तो म्हणाला, "चेंडू आता जोशुआ टाकेल. मी फायनल खेळणार नाही. मी खेळ सोडला."