एका वेलांटीचा फरक

आमच्या पाळकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर मौन सांगितलं. मंडळीने हे दुःख धीराने सोसलं. रविवारच्या उपासनेत उपदेश कोणी करायचा, असा प्रश्न आला तेव्हा पाळकांनी पाटीवर माझं नाव लिहून पाटी उंच धरली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या अकरा जणांतून मी एकटा. पुढचे दोन दिवस मी जरा सावकाश चाललो. निवडलेल्या माणसाने घाई करू नये.

विषय त्यांनीच दिला होता: देवाने यहूद्यांनाच का निवडलं?

मी शाळेत भाषा शिकवतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोवती लाल गोल काढण्यात सव्वीस वर्षं गेली, म्हणून मुलं मला पाठीमागे वेलांटीसर म्हणतात. समोरही म्हणतात, पण हळू.

शनिवारी दुपारी चर्च रिकामं असतं, म्हणून तालमीला गेलो. रिकाम्या बाकांकडे पाहून वही उघडली आणि सुरू केलं.

"प्रिय बंधुभगिनींनो, देवाने यहूद्यांना निवडलं, कारण त्यांच्यात काहीतरी खास होतं. पुढे ते खास उरलं नाही. हट्टी निघाले. मग देवाने पहिली यादी बाजूला ठेवली आणि प्रतीक्षा यादी काढली. ती प्रतीक्षा यादी म्हणजे आपण."

इथे मी थांबलो. वहीत कंसात 'हशा' असं लिहून ठेवलं होतं.

हशा आला नाही. ऑर्गनच्या मागून शिंक आली.

आमचा ऑर्गन जुना, पायाने भाता मारायचा. त्याची मागची फळी काढलेली होती आणि तिथून दोन पाय बाहेर आले होते. पाय सरकले, मग पाठ आली, शेवटी चेहरा. एका हातात चामड्याचा तुकडा, दुसऱ्या हातात सरसाची डबी. पेटीवाला. गावातल्या सगळ्या पेट्या आणि ऑर्गन तोच दुरुस्त करतो. शाळेत तो माझ्याच वर्गात होता. अख्ख्या शाळेत तो एकटाच यहूदी.

"चालू दे," तो म्हणाला. "सरस वाळेपर्यंत मला तसं काही काम नाही."

"तू कधीपासून आहेस इथे?"

"प्रिय बंधुभगिनींपासून."

"अरे, तो नुसता कच्चा खर्डा आहे."

"असेल. आवाज पक्का आहे तुझा. म्हणून तर तुला उभं केलंय."

"म्हणजे?"

"तुमचा स्पीकर जळलाय ना. पाळकांनी मला पाटीवर लिहून विचारलं, स्पीकरपण दुरुस्त करतोस का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी खाली लिहिलं, तर सरांनाच सांगतो, त्यांचं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं."

माझी दोन दिवसांची सावकाश चाल तिथे संपली.

त्याने डबीचं झाकण लावलं. "एक विचारू? निवडलं निवडलं म्हणतोस. डाळीसारखं निवडलं, की खड्यासारखं?"

मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा कळलं की हा विनोद नव्हता.

"मला आयुष्यात एकानेच निवडलंय, म्हणून विचारलं," तो म्हणाला. "चार वर्षं सलग."

आता हे सांगणं भाग आहे. आमच्या शाळेत दरवर्षी येशूच्या शेवटच्या दिवसांचं नाटक व्हायचं. मी वर्गाचा मॉनिटर, अक्षर बरं, म्हणून कोणाला कोणतं काम हे मीच ठरवून लिहायचो. पहिल्या वर्षी येशूच्या मुख्य शिष्यासमोर, पेत्रासमोर, मी माझं नाव लिहिलं, कारण पेत्राला वाक्यं जास्त होती. येशूला पकडल्यावर 'मी त्या माणसाला ओळखत नाही' हे वाक्य त्याने तीनदा म्हणायचं असे, आणि ते माझ्यासारखं कोणालाच जमत नाही असं सगळे म्हणत. त्याखाली यहूदा होता, आपल्या गुरूला पकडून देणारा. त्याच्यासमोर मी या पेटीवाल्याचं नाव लिहिलं. फार विचार केलाच नाही. यहूदी, यहूदा, एका वेलांटीचा काय तो फरक. वर्गशिक्षकांनी यादी वाचली, सही केली आणि म्हणाले, अगदी योग्य निवड.

त्या नाटकात येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बारा शिष्य यहूदी, पेत्र तर नखशिखांत यहूदी. एवढ्या यहूद्यांच्या नाटकात शाळेतल्या एकुलत्या एका यहूद्याला एकच काम होतं.

नाटक संपलं की मुलं ओरडत त्याच्या घरापर्यंत मागे जायची. दुसऱ्या वर्षी कोणीतरी दगड मारला. डाव्या भुवईत अजून खूण आहे. मी तेव्हा पेत्राची दाढी काढत होतो. दाढी नीट निघायला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी त्याने मला गाठून विचारलं, "यंदा मला पडदा ओढायचं काम देशील?" मी म्हणालो, "बघतो." चौथ्या वर्षी त्याने विचारलं नाही.

"तेव्हा आपण लहान होतो रे," मी म्हणालो.

"हो ना. मी तर तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान." तो परत फळीतून आत शिरू लागला. "उद्या मी इथेच मागे असेन हं. चामडं नवीन आहे, भाता कुठून हवा सोडेल सांगता येत नाही. तू बोल तुझं."

घरी आलो तर बायको ताट मांडीवर घेऊन डाळ निवडत होती.

"झाली तालीम?"

"परत लिहायचंय."

"का? कालपर्यंत तर फार छान होतं. मला तीनदा ऐकवलंत."

मी तिच्या बोटाकडे बघत राहिलो. डाळ आपल्या जागी बसून होती. बोट फक्त खड्यांवर जात होतं.

"खडे कसे ओळखतेस गं?"

"ओळखायचंय काय त्यात. वेगळे दिसतात." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "आज बरं वाटत नाही का तुम्हाला?"

मी बायबल उघडून बसलो. माझ्या वहीत कारणं सात होती. तिथे एकही नव्हतं. यहूद्यांना एवढंच सांगितलं होतं: तुम्ही संख्येने मोठे म्हणून नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडके. देवाचं प्रेम होतं म्हणून, आणि पूर्वजांना शब्द दिला होता म्हणून. बस. प्रेम केलं, कारण प्रेम होतं. असं उत्तर परीक्षेत कोणी लिहिलं असतं तर मी शून्य देऊन वर 'कारण लिहा' असा शेरा मारला असता. मी वहीतली सातही कारणं खोडली. खोडताना वाचत गेलो, तर ती सगळी आमच्याच कौतुकाची निघाली.

रविवारी उभा राहिलो. ऑर्गनच्या कडेने एक गुडघा दिसत होता.

"यहूद्यांना लायकी बघून निवडलं नव्हतं," मी म्हणालो. "तेव्हा लायकी बघून त्यांना काढूनही टाकलेलं नाही. देव शब्द मागे घेणारा असता, तर आपला तरी काय भरवसा? आपण त्यांच्या झाडाला मागाहून लावलेलं कलम. मुळाने आपल्याला धरलंय, आपण मुळाला नाही. ज्याच्या नावाने आपण इथे जमतो, तोही त्यांच्यातलाच."

एवढं बोलून खाली बसलो असतो तर चाललं असतं. पण गुडघा तिथेच होता.

"एका शाळेत एक यहूदी मुलगा होता," मी म्हणालो. "दरवर्षी नाटकात यहूदाच्या कामासाठी त्याची निवड करण्यात यायची. त्याला दगड मारण्यात आला."

करण्यात यायची. मारण्यात आला. कर्ता लपवायचा असेल तर ही वाक्यरचना फार सोयीची. मी ती सहावीला शिकवतो.

उपासना संपली. लोक जवळ आले. कोणी डोळे पुसत होतं. खजिनदार म्हणाले, "सर, काय हृदयस्पर्शी उदाहरण काढलंत." पाळकांनी पाटीवर 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी मान खाली घालून उभा होतो. तेही त्यांना नम्रपणा वाटला.

पहिल्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. ब्याण्णव वर्षांच्या निवृत्त परिचारिका, कानाने अधू, बाकी सगळ्याने शाबूत. त्यांनी काठी माझ्या दिशेने केली.

"गोष्ट चांगली होती रे. पण ते नाटकातलं काम त्या पोराला दिलं कोणी?"

सगळे उत्तराची वाट बघू लागले. जसं काही उदाहरणाचा पुढचा भाग आहे.

"मी," मी म्हणालो.

"काय?" सिस्टरनी कानामागे हात नेला.

ऑर्गनच्या मागून आवाज आला. "मोठ्याने बोल रे. स्पीकर बंद आहे."

मी मोठ्याने सांगितलं. यादी मी केली होती, चारही वर्षं, आणि तो मुलगा तिथे मागे बसलाय. माझं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.