सतरंजीवरची एक जागा

चपला दाराशी काढा आणि बसा निवांत. असं इकडेतिकडे बघू नका, बोलतेय ती मीच. तुमच्या खालची सतरंजी. लाल-निळ्या पट्ट्यांची, एका टोकाला उंदरांनी चाखलेली. माणसं मला अंथरतात, माझ्यावर बसतात आणि आपल्याखाली कुणी आहे हे साफ विसरतात. म्हणूनच मला इतकं सगळं ठाऊक आहे.

माझा जन्म नागपूरच्या कारागृहातला. त्यात लाजायचं काय? तिथल्या मागावर एका कैद्याने मला विणलं. तोंडातून चकार शब्द काढत नसे, पण काम करताना त्याचे पाय सारखे थरथरायचे. ती थरथर माझ्या सुतासुतात उतरली. कुणाचा पाय थंडीने कापतोय आणि कुणाचा आतल्या कशाने, हे मला तेव्हापासून ओळखता येतं.

पुढे एका प्रदर्शनात भिलाईच्या मराठी मंडळातल्या बायकांनी मला पसंत केलं आणि गुंडाळून, गाडीच्या वरच्या बर्थवर टाकून घरी आणलं. घर म्हणजे नेहरू नगरातला मंडळाचा हॉल. गणपतीच्या आरतीला मी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी, कोजागिरीला तर माझ्यावर मसाला दूध सांडून पळालेल्यांचे डाग अजून आहेत. नावं घेत नाही, ती पोरं आता बापे झाली. कुणाच्या घरी माणूस गेलं की मला तिकडे नेत. लग्नाच्या बोलणीला बसलेली माणसं सारखी मांडी बदलतात. मयताच्या घरी बसलेलं माणूस तासन्‌तास हलत नाही, आणि ते वजन मग हॉलमध्ये परत आल्यावरही माझ्या अंगातून जात नाही.

कोरोना येऊन गेला आणि मंडळात फार जागा रिकाम्या झाल्या. तेव्हा वसुंधराबाईंनी सकाळचा वर्ग सुरू केला. या निवृत्त शिक्षिका. मिस्टर स्टील प्लांटमध्ये ऑफिसर होते, ते त्या साथीतच गेले. बाईंनी कुठेसं प्रशिक्षण घेतलं आणि आल्यागेल्याला हाक मारली. खांदे झटकायचे, तळवे चोळून डोळ्यांवर ठेवायचे, पाठीला पाठ लावून दुसऱ्याचा श्वास ऐकायचा आणि शेवटी डोळे मिटून भ्रामरी, ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणणं. कुणी रडलं तर कारण विचारायचं नाही, एवढाच नियम. मंडळातल्या बेबीताईंना हा नियम फार जड गेला. त्यांचं तोंड एरवी झोपेतच काय ते बंद असतं.

या वर्गात एके दिवशी वच्छलाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. घेऊन म्हणजे जवळजवळ ओढूनच. गुलाबराव मालगाडीचे लोको पायलट. मूळचे नागपूरकडचे, सारा जन्म दुर्ग लायनीवर गेलेला. उंचापुरा माणूस, पण माझ्यावर बसला तो असा, की जणू त्याला वजनच नाही. टाचा उचललेल्या, फक्त चवडे टेकलेले. कधीही उठून पळायची तयारी. आणि तीच थरथर. माझ्या अंगावर काटा आला.

त्यांनी आपल्या डाव्या बाजूला एक जागा मोकळी सोडली होती. एक नवखी बाई तिथे बसायला गेली तसे ते ओरडले, "तिथं नका बसू!" सगळे दचकले. वच्छलाबाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. त्या जागेवर माझ्या अंगावर काहीच नसे. ना टाच, ना गुडघा. तरी हळूहळू मलासुद्धा त्या तेवढ्या भागाची भीती वाटायला लागली.

खरी हकीकत मला कळली ती घडी घालताना. माझं एक टोक वच्छलाबाईंच्या हातात, दुसरं बेबीताईंच्या.

"राजनांदगावच्या अलीकडं झालं जी," वच्छलाबाई सांगत होत्या. "एक बाई लाकडाची मोळी घेऊन लाइन पार करून राहिली होती. यायनं हॉर्न देल्ला. तर ते थांबली. थांबून यायच्याकडं पायलं. भरलेली मालगाडी, ब्रेक लावला तरी कुठं थांबते?"

"मग यात भाऊंचा काय दोष?" बेबीताई म्हणाल्या. नियमबियम त्या केव्हाच विसरल्या होत्या.

"सगळे हेच म्हणतात. साहेब लोकंबी म्हणाले. पण हे म्हणतात, मी हॉर्न देल्ला म्हून ते थांबली. नसता देल्ला तर निघून गेली असती. डोये मिटले का ते दिसते. झोपतच नाई हा माणूस. पहाटेच उठून फाटकाकडं जातो, लायनीकडं पाहत उभा राह्यतो. मले भेव वाटते बेबीताई. एक दिवस हे त्या बाईले इचारायले जातीन, अन् वापस येणार नाई."

बेबीताईंच्या हातून माझं टोक सुटलं. त्या दिवशी माझी घडी वेडीवाकडीच पडली आणि कुणी ती सरळ केली नाही.

आता तुम्हीच सांगा, ज्याला डोळे मिटले की ती दिसते, त्याला सगळे काय सांगत होते? "भाऊ, डोळे मिटा. शांत वाटेल." मायेनेच सांगत होते, पण ज्याचं सगळं आयुष्य डोळे उघडे ठेवून समोरच्या रुळांवर नजर लावण्यात गेलं, त्याला डोळे मिटायला सांगणं म्हणजे गाडी चालू असताना इंजिनातून उतर म्हणण्यासारखं होतं. वसुंधराबाईंनी समजून घेतलं. म्हणाल्या, "ठीक आहे भाऊ, उघडे ठेवा." तरी भ्रामरी सुरू झाली की पंचाईत. इतक्या जणांचा तो "म्म्म" घुमायला लागला की दूरच्या हॉर्नसारखाच वाटे. गुलाबरावांचे चवडे माझ्यात रुतायचे. मग ते ताडकन उठून निघून जात, फाटकाच्या दिशेने. वच्छलाबाई चपला न घालता मागे धावत. शेवटी त्यांनी उपाय काढला. नवऱ्याच्या सदऱ्याच्या टोकावरच बसायला लागल्या. लोक हसले. मी नाही हसले. त्यांच्या तळव्यांना सुटलेला घाम मला कळत होता.

आणि मग ती सकाळ आली. पावसाळी, कुंद. भ्रामरी ऐन भरात असताना पावर हाउस स्टेशनाकडून येणाऱ्या एका मालगाडीने लांबलचक हॉर्न दिला. आतला आवाज आणि बाहेरचा आवाज एकात एक मिसळले. गुलाबराव उठलेच. सदऱ्याचं टोक टर्रकन फाटलं.

वच्छलाबाईंनी या वेळी हात धरला नाही. त्या जागच्या जागी बसून, डोळे सताड उघडून मोठ्याने म्हणाल्या, "समोर खिडकी, उघडी!"

भ्रामरी थांबली. सगळे बघायला लागले, या बाईला झालं तरी काय. दारापर्यंत गेलेले गुलाबराव मात्र थबकले आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "खिडकी, उघडी."

"पंखा, बंद!"

"पंखा, बंद."

मग वच्छलाबाईंनी बाकीच्यांना सांगितलं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने पुकारायचं, दुसऱ्याने तेच परत बोलायचं. हरा म्हटलं की हरा, पीला म्हटलं की पीला. म्हणजे दोघांनी पाहिलं असं पक्कं होतं. गुलाबरावांना त्याची इतकी सवय, की स्कूटरवरसुद्धा चौकात ते म्हणायचे "लाल," आणि मागे बसलेल्या वच्छलाबाई म्हणायच्या "लाल." आयुष्यभर त्यांनी हेच केलं. त्या बाईनंतर गुलाबरावांनी पुकारणं सोडलं होतं.

वसुंधराबाई पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, या. आज आपण सगळे इंजिनात आहोत. तुम्ही पुकारा, आम्ही परत बोलतो."

गुलाबराव परत येऊन बसले. डाव्या हाताची जागा सोडूनच. त्यांनी हात पुढे केला. "भिंतीवर घड्याळ, चालू." सगळे म्हणाले, "भिंतीवर घड्याळ, चालू." "दाराशी चपला, पुष्कळ." बेबीताई खुदकन हसल्या, पण बोलल्या. असं बराच वेळ चाललं. त्यांचा श्वास जरा लांबला, मला कळलं. आणि मग त्यांचा पुढे केलेला हात आपोआप डावीकडे वळला.

"समोर..." ते म्हणाले. चवडे थाडथाड उडायला लागले. "समोर बाई. डोक्यावर मोळी."

हे मात्र कुणी परत बोललं नाही. वसुंधराबाईंनी तोंडावर हात ठेवला. नसलेली बाई आहे असं कसं म्हणायचं? बोललो तर या माणसाचं काय होईल, अशी सगळ्यांना भीती वाटली.

"मी पुकारलं होतं," गुलाबराव हळूच म्हणाले. "असिस्टंट मागं मशीन पाहायले गेला होता. मी म्हटलं, समोर बाई. कोणी वापस बोललंच नाई. म्या एकट्यानं पायलं."

तेव्हा बेबीताई बोलल्या. एरवी ज्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून सगळे देवाला हात जोडत, त्याच बेबीताई. स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "समोर बाई. डोक्यावर मोळी."

आणि मग सगळे. "समोर बाई. डोक्यावर मोळी."

"हॉर्न देल्ला."

"हॉर्न देल्ला."

"थांबली."

"थांबली."

"पायलं माह्याकडं."

"पायलं माह्याकडं," वच्छलाबाईसुद्धा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

गुलाबराव हमसून हमसून रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या टाचा माझ्यावर टेकल्या. पूर्ण, जड, थकलेल्या माणसाच्या टाचा. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण आणखीही एक झालं. ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे मिळून बोलले, त्याच वेळी त्या मोकळ्या जागेवर मला पावलं जाणवली. अनवाणी, भेगाळलेली, खडीवरून चालून आलेली. मग काहीतरी जड खाली उतरवून ठेवल्यासारखं वाटलं आणि त्याच्या शेजारी कुणीतरी हलकेच टेकलं. मी श्वास रोखून पडून राहिले. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या सतरंजीला भास झाला. असेल. पण वजनाच्या बाबतीत माझी कधी चूक होत नाही.

गुलाबराव काही एकदम ठणठणीत झाले नाहीत. आता त्यांना गाडीवर न पाठवता ऑफिसातलं काम दिलं आहे. हॉर्न वाजला की पाय अजून कापतात. ती बाई का थांबली, या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालेलं नाही, मिळणारही नाही. पण आता ते फाटकाकडे जात नाहीत. पहाटे तडक इथे येतात आणि मला अंथरतात. वर्गात आता भ्रामरीच्या आधी पुकारणं असतं. कुणी म्हणतं, "समोर ऑक्सिजनचं सिलिंडर, रिकामं." कुणी म्हणतं, "समोर फोन, वाजतोय." सगळे परत बोलतात. एकदा वसुंधराबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "समोर ते. हॉस्पिटलच्या खिडकीच्या काचेपलीकडे." मग त्यांच्याही शेजारी थोडी जागा सोडली गेली. अशा जागा वाढत चालल्यात. काही दिवशी बसलेल्यांपेक्षा न दिसणाऱ्यांचीच गर्दी जास्त होते, आणि पहाटे अंधुक उजेडात मी एकटी पसरलेली असते तेव्हा ती हलतेसुद्धा. मी घाबरते. पण अंग काढून घेत नाही.

आता माझे धागे निघाले आहेत. मधोमध एक भोक पडलंय, त्यात वच्छलाबाईंच्या जोडव्याचं बोट अडकतं. परवा मंडळात ठरलं, जुनी सतरंजी काढून टाकायची आणि फोमच्या मॅट आणायच्या. निळ्या, गुळगुळीत, ज्याची त्याची वेगळी. छान असतील. धुवायला सोप्या असतील. मला माळ्यावर टाका, हरकत नाही. उंदीरही माझ्या ओळखीचे आहेत.

एवढंच विचारते. त्या मॅटवर एकाच माणसापुरती जागा असते. गुलाबरावांनी त्या बाईला कुठे बसवायचं?