राहणाऱ्या वस्तूंची यादी

घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी आलिदाबाई पुढच्या खिडकीतल्या खुर्चीत बसलेल्या होत्या, आणि घरासोबत आता त्याही आमच्या होत्या. यादीत चौथ्या पानावर त्यांची नोंद होती. वरच्या ओळीत दिव्याची शेड, खालच्या ओळीत टपालपेटी. तिन्ही ओळींपुढे 'राहणार' या रकान्यात फुली.

ती फुली माझ्या सांगण्यावरूनच पडली होती. हॉलंडमध्ये जुनं घर विकताना घरातल्या एकूण एक वस्तूची यादी करतात. पुढे तीन रकाने असतात: राहणार, जाणार, बोलून ठरवू. मग दोन्हीकडची शहाणी माणसं बसून ठरवतात की संडासातला आरसा कोणाचा आणि पडद्याची दांडी कोणाची. मला या प्रकाराची कीव आली. माझ्या वडिलांनी मिरजेत घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याकडून झोपाळ्याच्या कड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. मी आमच्या एजंटला, योस्टला, सांगितलं, "सगळं राहू दे. एक खिळासुद्धा बाहेर जायचा नाही."

"यादी वाचलीत?" त्याने विचारलं.

"अडगळीची यादी काय वाचायची?"

त्याने मान हलवली आणि सोळा पानं एका सुरात फुल्या मारत गेला. विकणारा आलिदाबाईंचा पुतण्या होता. त्याने एकाही फुलीला हरकत घेतली नाही. आजवर इतका मऊ माणूस माझ्या हाती लागला नव्हता. त्या आठवड्यात मराठी मंडळात मी हा किस्सा दोनदा सांगितला. मंडळातली सगळी नव्या इमारतींत राहतात आणि कोणाच्या तळघरात ओल नाही यावर तासभर बोलतात, त्यामुळे त्यांना तो दोनदा ऐकावाच लागला.

गाव ब्राबांत प्रांतातलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बीचची झाडं, आणि शांतता इतकी की शेजारी शिंकला तर माफी मागायला येतो. पुढच्या मोठ्या खिडकीला पडदा नव्हता. इथे कोणी लावत नाही. लपवण्यासारखं आयुष्यात काही घडलेलंच नसेल तर पडदा कशाला हवा? माझी बायको मृणाल मात्र पहिल्याच भेटीत पुतण्यासमोर "किती छान आहे!" म्हणून मोकळी झाली होती. घर बघताना तोंड पाडून बघायचं असतं, हे वीस वर्षांत मला तिला शिकवता आलं नाही.

आलिदाबाईंचा त्रास काही नव्हता. सकाळी दहाला त्या कॉफी करायच्या, पत्र्याचा डबा उघडून प्रत्येकाला एक बिस्किट द्यायच्या आणि झाकण टक् करून लावायच्या. दुसरं मिळत नसे. आमच्याकडे पाहुण्यापुढे एकच बिस्किट ठेवलं तर त्यावर दोन पिढ्या बोलत बसतात. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. "हो," त्या म्हणाल्या आणि डबा कपाटात ठेवला.

दुसऱ्या रविवारी जिन्याखालच्या खोलीतून अकरा माणसं निघाली. ती नवव्या पानावर होती. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि एकेकाने उठून आमच्याशी हात मिळवला.

"अभिनंदन."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"पीटचा वाढदिवस आहे."

"पीट कोणता?"

"तो ब्याऐंशी साली वारला."

इथे वाढदिवसाला साऱ्या घराचंच अभिनंदन करतात, पण मेलेल्याच्या? मी मोठ्याने हसलो. मृणालने मात्र अकराही जणांशी नीट हात मिळवला आणि प्रत्येकाला 'अभिनंदन' म्हणाली. तिला असल्या गोष्टी जमतात. मला वाटायचं, कणा नसला की जमतं.

मंडळाच्या जेवणाला भात न्यायचा होता म्हणून मी कुकर उचलून निघालो, तर उंबऱ्याशी तो जागचा हलेना. जमिनीवर ठेवून पायाने ढकलला, तरी हलेना. आत आणला की हलका. मी यादी काढली. सोळाव्या पानाखाली आता सतरावं पान होतं, आणि आलिदाबाईंच्या निळ्या शाईत त्यावर आमचा कुकर, आमची पोळपाट-लाटणी, सोलापुरी चादरी आणि मृणालचा पासपोर्ट ओळीने लिहिलेला होता. सगळ्यांपुढे फुल्या. शेवटची ओळ ओली होती: मृणाल, एक, सुस्थितीत.

मृणाल त्या वेळी कोट घालून बसस्टॉपवर जायला निघाली होती. दारापर्यंत गेली, थांबली, थोडा वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली. मग परत येऊन तिने कोट खुंटीला लावला.

"काय झालं?"

"नाही जाता येत," ती म्हणाली. "बाहेर तसं काही फार नाहीये म्हणा."

तिची आई कोल्हापुरात अंथरुणाला खिळलेली होती. मेच्या बारा तारखेचं तिकीट काढलेलं होतं. रोज संध्याकाळी आई फोनवर एवढंच विचारायची, "मृणू, निघालीस का गं?" पहिल्या आठवड्यात मृणाल म्हणायची, "येतेय आई, बारा तारखेला." दुसऱ्या आठवड्यात, "बघू." तिसऱ्या आठवड्यात तिने फोन उचलला नाही. मी उचलला आणि काहीतरी खोटं सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी मृणालचा हात धरून तिला दारातून ओढलं, अगदी घाम फुटेपर्यंत ओढलं. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली. ती हलली नाही. तिच्या खांद्यावर थोडी धूळ होती, ती मी पुसली.

मी योस्टला बोलावलं.

"तुम्हीच म्हणालात, सगळं राहू दे," तो म्हणाला.

"ती माझी बायको आहे."

"घरातच आहे ना."

"आणि मी? मी का नाही यादीत? मी कधीही बाहेर जाऊ शकतो."

योस्टने सतरावं पान उलटसुलट पाहिलं. "तुमची नोंद कोणी केलेली दिसत नाही," तो म्हणाला. "घर पुन्हा विकलं तर नवी यादी होते. तेव्हा त्यांना 'जाणार'मध्ये घालता येईल. दुसरा मार्ग नाही."

मी त्याच दिवशी घर विकायला काढलं.

घ्यायला आलं ते नाशिकचं जोडपं, प्रथमेश आणि गार्गी बेळे. त्याच्या हातात मोजपट्टी, चेहरा पाडलेला. मी मनात म्हटलं, कच्चा आहे. चेहरा पाडायचा तर तो दारातच पाडायला हवा. याने जिन्यापाशी पाडला. गार्गीने खिडकीतून झाडं पाहिली आणि म्हणाली, "अय्या, किती छान!" प्रथमेशने तिला कोपराने ढोसलं.

"सगळं राहू द्या काका," तो मला म्हणाला.

"एक गोष्ट जाणार आहे," मी म्हणालो आणि मृणालकडे बोट केलं. ती आलिदाबाईंशेजारी बसून कप पुसत होती.

त्याने तिला नीट पाहिलं. "त्यांच्यामुळेच तर खोली भरल्यासारखी वाटते. त्या जाणार असतील तर आम्हाला घर नको."

ही चाल माझीच होती. मला ती ओळखू आली आणि तिच्यावरचं उत्तरही ठाऊक होतं: दोन दिवस गप्प बसायचं, समोरचा स्वतःहून येतो. पण तारीख नऊ होती आणि तिकीट बाराचं. दोन दिवस गप्प बसण्याची ताकद माझ्यात नव्हती.

"तिच्याऐवजी मला ठेवा," मी म्हणालो.

माझ्या आवाजात अजिजी होती. तसल्या आवाजात बोलणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर दारातून परत पाठवलं होतं.

"मला बागकाम येतं," मी म्हणालो. ते खोटं होतं. "रविवारी गोलात बसेन. एका बिस्किटाची माझी तक्रार नाही."

योस्टने लिहिलं: मृणाल, जाणार. शिरीष, राहणार. त्याने कागद पुढे सरकवला. मी सही केली, याही वेळी न वाचता, म्हणजे त्या पोराला विचार बदलायला वेळ मिळू नये. मृणालच्या पायाशी तिची चप्पल आणून ठेवली. "चल, आईकडे जायचंय," मी म्हणालो. तिने चपलेकडे पाहिलं आणि एक पाय उचलला. मला रडू आलं.

इथे सही झाल्यावर विचार बदलायला तीन दिवस मिळतात. फक्त घेणाऱ्याला, आणि तोवर यादी लागू होत नाही. योस्टने हे मला बारा तारखेला सकाळी सांगितलं. बेळ्यांनी यादी घरी नेऊन ओळ न् ओळ वाचली होती, आणि माझ्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती.

"का?" मी विचारलं.

"मिसेस बेळे म्हणाल्या, या गृहस्थांना कुठे ठेवायचं तेच कळत नाही."

"मग मृणाल?"

"अदलाबदल होती. तुम्ही खोडले गेलात, म्हणजे त्या होत्या तिथे."

"मग मी घर विकत नाही."

"तुमची सही आहे," योस्ट म्हणाला आणि दार उघडून धरलं. उंबऱ्याने मला कुठेच अडवलं नाही.

मी आता समोरच्या बीचच्या झाडाखाली उभा आहे. रविवार आहे. आत खुर्च्या गोल मांडल्या आहेत, अकरा माणसं आहेत, बेळे आहेत, आणि सगळे उठून मृणालशी हात मिळवताहेत. तिच्या आईचा फोन माझ्या खिशात वाजतोय. येणारे-जाणारे खिडकीतून आत बघतात, मान डोलावतात आणि माझ्याभोवतीने वळसा घालून जातात.

मृणालने मला पाहिलं. ती उठली, कपाटातून डबा काढला, एक बिस्किट घेतलं आणि खिडकीशी येऊन काचेच्या आतल्या बाजूला, बरोबर माझ्यासमोर ठेवलं. मग तिने झाकण लावलं.