घुम्याच्या तीन रेघा

डोळे मिटा बघू. मिटलेत? आता एक लोखंडी फळी डोळ्यांपुढे आणा. साधीसुधी नाही, अख्खा ट्रक मावेल एवढी लांबरुंद, जमिनीच्या पातळीत बसवलेली. तिच्यावर पाय दिला की ती किंचित हलते, बसलेल्या म्हशीची पाठ हलावी तशी. फळीच्या कडेला चार पावलांत संपणारी एक खोली. खोलीच्या भिंतीवर घड्याळाएवढी मोठी तबकडी आणि तिच्यावर एकच काटा. फळीवर काही चढलं की काटा सरकतो. याला म्हणतात वजनकाटा. आणि त्या तबकडीसमोर स्टुलावर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारी जी मुलगी दिसते आहे, ती भिंगरी. वय वर्षं दहा. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, बाहेर कुणाला त्याची गरज पडत नव्हती.

आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

हा काटा नगरपालिकेच्या कचरा डेपोच्या तोंडाशी होता. भिंगरीची आई तिथे वजनं घ्यायची. शाळेला सुटी असली की भिंगरीही डबा घेऊन आईबरोबर यायची. शहराचा सगळा कचरा सात जुने ट्रक वाहून आणत. लांब नाकाचे, गोल दिव्यांचे, दारं आपटल्याशिवाय न लागणारे, भिंगरीच्या आईच्याही जन्माआधीचे. एकाचं इंजिन सतत खोकायचं, ती खोकली. एकाचा भोंगा दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा, तो बोंबल्या. आणि एक कधीच कुरकुर करत नसे, चढावरही नाही, तो घुम्या. घुम्या भिंगरीचे आजोबा चालवत.

ट्रक आत जाताना भरलेला तोलायचा आणि बाहेर येताना रिकामा तोलायचा. तोलताना ट्रकवर कुणी बसायचं नाही, ड्रायव्हरनंसुद्धा खाली उतरायचं. प्रत्येक ट्रकच्या दारावर त्याचं मूळ वजन पांढऱ्या रंगात लिहिलेलं. रिकामा झाला की काट्यानं तेच दाखवायला हवं. खोकलीचं दाखवी. बोंबल्याचं दाखवी. घुम्याचं मात्र तीन रेघा जास्त.

तबकडीवरची एक बारीक रेघ म्हणजे वीस किलो. तीन रेघा म्हणजे किती? बरोबर, साठ.

"घुम्याच्या तीन रेघा सोडून द्यायच्या," आई सांगायची. आईला हे तिच्या आधीच्या कारकुनानं शिकवलं होतं.

"पण का?"

"चिखल असेल चिकटलेला. जुनी गाडी आहे, तिच्या अंगावर काय काय साठलंय देव जाणे. तुझ्या वेणीतसुद्धा आठवड्याला अर्धा किलो धूळ निघते."

भिंगरीला ते पटलं नव्हतं, कारण तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. बाकीचे ट्रक रिकामे होऊन फळीवर उभे राहिले की काटा खिळा मारल्यासारखा थांबायचा. घुम्याचा काटा थांबत नसे. तो केसभर इकडे व्हायचा, केसभर तिकडे. काम नसताना भिंगरी स्वतः फळीवर जाऊन उभी राही आणि आईला काटा बघायला सांगे. उभा माणूस कंटाळून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो ना, तेव्हा काटा अगदी तस्साच हलतो.

चिखल पाय बदलत नाही, एवढं दहा वर्षांच्या मुलीलाही कळतं.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. प्रत्येक ट्रकवर दोन माणसं. पुढे ड्रायव्हर आणि मागच्या फाळक्यापाशी उभा राहणारा, त्याला सगळे मागचा म्हणत. कचऱ्याच्या कड्यावर ट्रक मागे नेला की मागच्यानं फाळका सोडायचा, खाली उतरायचं आणि बाजूला व्हायचं. मग ड्रायव्हरनं ओरडून विचारायचं, "उतरलास?" मागच्यानं पत्र्यावर दोनदा थाप मारायची. धप्, धप्. ती ऐकल्यावरच कचरा ओतायला ट्रकचा हौदा उचलायचा. थाप नाही तर हौदा नाही. आणि उत्तर फक्त आपल्या ड्रायव्हरला द्यायचं, दुसऱ्या कुणी विचारलं तर गप्प राहायचं, नाहीतर चार ट्रकांच्या गलक्यात घोटाळा व्हायचा.

दिवसभर डेपोत हाच आवाज. "उतरलास?" धप् धप्. "उतरलास?" धप् धप्.

एकटे आजोबाच कधी विचारत नसत. ते आपल्या मागच्याला पुढे शेजारी बसवून ठेवत. कड्यावर गेले की स्वतः खाली उतरत, ट्रकभोवती पूर्ण फेरी मारत, हौद्यात वाकून बघत आणि मगच हौद्याचा खटका ओढत. लोक म्हणत, म्हातारा हळूबाई झालाय.

तर झालं असं, की नगरपालिकेनं नव्या गाड्या घेतल्या. सातही जुने ट्रक मोडीत निघाले. गावाबाहेर एक मोठं यंत्र होतं. त्यात या बाजूनं ट्रक घातला की त्या बाजूनं पेटीएवढा लोखंडाचा ठोकळा पडायचा. सहा ट्रक सकाळीच गेले. उरला घुम्या. मोडीच्या कागदावर साहेबांनी लाल शेरा मारला होता: रिकामं वजन जुळत नाही, साफ करून पुन्हा तोलावा, मगच पाठवावा.

"कागदावर तीन रेघा सोडता येत नाहीत," आई म्हणाली. "बाबा, आता धुवावाच लागेल."

दुपारची वेळ होती. वारा पडला होता. कचऱ्याच्या डोंगरावरून निघणारा धूर वर न जाता आडवा पसरून राहिला होता. नेहमीचा गलका नव्हता, कारण ट्रकच नव्हते. घुम्याचा मागचाही नव्या गाडीवर शिकायला गेला होता. कावळे मात्र होते. कुंपणावर ओळीनं बसले होते, खोलीच्या छपरावर होते. घुम्यावर एकही नव्हता.

आजोबांनी पाण्याची नळी धरली, आईनं खराटा घेतला, भिंगरी खरवडणी घेऊन हौद्यात शिरली.

"डोकं सांभाळ गं, माकडीण!"

"माकडाची नात माकडीणच असणार, आजोबा!"

आजोबा हसले, पण ते हसू ओठांवरच वाळलं. खरवडून खरवडून तिघांनी दोन घमेली चिखल काढला. चाकांमधले दगडसुद्धा टोकरून काढले. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात, पत्र्यावर, भिंगरीला पावलाएवढी दोन चकचकीत ठिकाणं दिसली. बाकी सगळा पत्रा गंजलेला आणि तेवढाच घासून घासून आरशासारखा झालेला. तिथे उभं राहिलं की हात बरोबर वरच्या कडीपर्यंत पोचावा अशी ती जागा होती. भिंगरीचा हात काही पोचला नाही. ती तिथे जास्त वेळ थांबली नाही.

घुम्या निथळत फळीवर आला. आजोबा खाली उतरले. काटा सरकला, दारावरच्या आकड्यापाशी आला, तो ओलांडून पुढे गेला आणि थांबला. तीन रेघा. मग केसभर इकडे, केसभर तिकडे.

"आता काय इंजिन चाटून साफ करू?" आईनं खराटा टाकला. "बाबा, तुम्हीच सांगा, काय आहे हे?"

आजोबा खोलीच्या पायरीवर बसले. बराच वेळ ते हाताच्या रेषांत अडकलेलं काळं तेल पुसत राहिले.

"काडी आहे तो," ते म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. भिंगरीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं.

"कोण काडी?"

"माझा मागचा. तुझी आई त्याला काडीकाका म्हणायची. अंगानं असा, की फुंकर मारली तर उडेल. बुटांसकट साठ किलो. म्हणायचा, ड्रायव्हरसाहेब, मी भरलोय की रिकामा हे काट्यालासुद्धा कळत नाही." आजोबा थांबले. "मी विचारायच्या आधीच थाप मारायचा गं. इतकी वर्षं. मग मी विचारायचंच सोडलं. त्या सकाळी धुकं होतं, आणखी दोन खेपा राहिल्या होत्या, मी घाईत होतो. मला वाटलं, थाप वाजली. शेजारच्या ट्रकची वाजली होती. हा हौद्यातच होता, अडकलेला कचरा फावड्यानं ढकलत होता. मी खटका ओढला."

धूर आता फळीपर्यंत आला होता.

"ढिगाखालून काढला तेव्हा उशीर झाला होता. त्या संध्याकाळी घुम्या रिकामा तोलला, तर तीन रेघा जास्त. सव्वीस वर्षं झाली. तो उतरलाच नाही. आणि उद्या," आजोबांनी घुम्याकडे पाहिलं, "उद्या त्या यंत्रात त्याच्यासकट दाबतील."

आई त्यांच्याजवळ बसली. तिनं आपल्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

भिंगरी मात्र उठली. फळीच्या काठाशी गेली आणि तोंडाभोवती हातांचा द्रोण करून ओरडली, "उतरलास का?" मग तिला वाटलं, मोठ्या माणसाशी असं बोलू नये. "उतरलात का, काका?"

काहीच झालं नाही. काटा केसभर हलला, बस.

"त्याच्या ड्रायव्हरनंच विचारायचं असतं," आजोबा पुटपुटले.

"मग विचारा ना!"

"सव्वीस वर्षांनी? कोणत्या तोंडानं?"

भिंगरीनं क्षणभर विचार केला. "आमच्या बाई म्हणतात, उशिरा आलात तरी वर्गात या, ओरडा खा, पण दाराबाहेर उभे राहू नका."

आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आता आपल्यालाच ओरडा बसणार. मग ते गुडघ्यांवर हात रेटून उठले. घुम्याचं दार उघडून पुढे बसले. इंजिन सुरू केलं नाही. आरशात मागे बघितलं आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि पूर्वी साऱ्या डेपोला ऐकू जायची तशी हाक मारली.

"काडी! उतरलास?"

कुंपणावरचे कावळे एकदम उडाले. मग इतकं शांत झालं, की घुम्याच्या पोटाखाली ठिबकणारं पाणी मोजता आलं असतं. भिंगरीनं ते मोजलंही. सात थेंब.

धप्.

हौद्याच्या मागच्या कोपऱ्यातून. पत्रा थरथरलेला तिला स्पष्ट दिसला.

धप्.

आईनं तोंडावर हात धरला. आजोबा आरशात बघत होते, त्यात काय दिसत होतं ते त्यांनी कुणाला कधीच सांगितलं नाही. त्यांनी किल्ली फिरवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा घुम्या कुरकुरला, मोठ्यानं, जुनं दार कुरकुरतं तसा, आणि हळूहळू फळी सोडून रस्त्याकडे निघाला.

भिंगरी धावत खोलीत आली. फळी रिकामी होती. उन्हात नुसती ओली चमकत होती. तिनं तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर यायला हवा होता.

तो तीन रेघांवर होता. केसभर इकडे, केसभर तिकडे.

"आई," भिंगरी हळूच म्हणाली, "ते उतरलेत. पण फळीवरच उभे आहेत."

 भिंगरीला ठाऊक होतं की अशा वेळी काय करायचं, कारण सुटीत रोज संध्याकाळी तेच काम तिच्याकडे असे. ट्रकांसाठी मोठा अडसर होता. कामावरून सुटलेल्या, पायी घरी निघालेल्या माणसांसाठी फळीच्या पलीकडे एक लहान फाटक होतं. त्याची कडी गंजलेली. आतून कुणी उचलून धरल्याशिवाय ते उघडत नसे, आणि सोडलं की आपोआप बंद होई.

 भिंगरी फळीच्या कडेकडेनं, कुणाला धक्का लागू नये अशी अंग चोरून गेली. तिनं दोन्ही हातांनी कडी उचलली, फाटक ओढून पूर्ण उघडलं आणि पाठ कुंपणाला टेकवून ते धरून उभी राहिली. दमलेल्या माणसाला बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.