वाढलेला आकडा

"कट् कट् कट् कट्!"

चारशे माणसं श्वास रोखून बसली होती. किरणबाबांनी डावीकडच्या बाटलीजवळ किरणं मोजायचं मीटर धरलं होतं आणि ते फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडत होतं.

"ऐका! देहातलं विष ओरडतंय!" बाबा गरजले. "आणि ही त्याच माणसाची लघवी, सात दिवस माझं किरणजल प्यायल्यानंतरची!" मीटर उजवीकडच्या बाटलीपाशी गेलं आणि गपगार झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! किरणं पळवून लावणाऱ्या पाण्याला किरणांचंच नाव द्यायचं, म्हणजे बाबांची छाती मोठीच म्हणायची.

मागच्या भिंतीशी ती एकटीच उभी होती. अणुइंधनाच्या कारखान्याच्या तळघरात कामगारांच्या लघवीत किरणोत्सारी धातू किती, ते मोजणं हे तिचं काम. बावीस वर्षं नंबर लावलेल्या बाटल्या हीच काय ती तिची सोबत. वाईट आकडा हिच्याकडूनच येतो म्हणून माणसं तिला पाहून वाट बदलायची. आज मंचावर तिचा सख्खा दादा बसला होता. त्या दोन्ही बाटल्या त्याच्याच होत्या.

तीन महिन्यांपूर्वी त्याच कारखान्यात पाइप फुटून किरणोत्सारी धातूची धूळ तिथं काम करणाऱ्या दादाच्या छातीत गेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, आणि लघवीतला आकडा एकदम तीसपट चढला. तिनं नेहमीसारखा तो कागदावर लिहून पाठवला. दादानं कागद वाचला, इंजेक्शनं सोडली आणि तिच्याशी बोलणंही सोडलं.

ती तरातरा मंचावर चढली. "बाबा, माझी पण बाटली बघा ना."

बाबांनी ती डावीकडे ठेवली. कट् कट् कट्! "अरेरे, पोरी! तू तर आतून पेटलीयेस!"

"त्यात चहा आहे. बिनदुधाचा."

तिनं बाटली उचलून घेतली, तरी मीटर तडतडतच राहिलं. मग तिनं टेबलावरचं कापड ओढलं. डाव्या बाजूला जुन्या गॅसबत्तीची जाळी चिकटवलेली होती.

"अशा जाळ्यांत पूर्वी किरणोत्सारी थोरियम असायचं. मीटर ओरडतं ते हिच्यामुळे. दादाच्या अंगातल्या धातूची किरणं बाटलीची काचसुद्धा ओलांडत नाहीत. म्हणून तर आम्ही चोवीस तासांची लघवी घेतो, धातू वेगळा काढतो आणि दिवसेंदिवस मोजत बसतो."

"श्रद्धेचा अपमान!" म्हणत बाबा मागच्या दारानं पसार झाले. लोकही तोंड चुकवत निघून गेले. तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

दादा तेवढा खुर्चीत बसून होता. "पण तुझाच आकडा वाढला होता ना गं?"

"वाढणारच! इंजेक्शन धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. विष निघत होतं रे, दादा." ती त्याच्यासमोर खाली बसली. "मी नुसता आकडा पाठवला. तुझ्याकडे यायला हवं होतं. चुकलंच माझं."

"म्हणजे इंजेक्शनं सोडल्यापासूनचे दोन महिने फुकट गेले?"

"गेले. उद्यापासूनचे तरी घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दादानं इंजेक्शन घेतलं. आता त्याचा किती उपयोग होईल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

तेव्हा मंडळी, मीटर ओरडलं म्हणून घाबरू नका आणि गप्प झालं म्हणून नाचू नका. काय मोजलं, कसं मोजलं, एवढं विचारा. आणि मोजणाऱ्यांनो, आकड्यासोबत चार शब्द बोला. तुम्ही बोलला नाहीत, तर बाबा बोलायला बसलेलाच आहे.